सुपारीला गुन्हेगार म्हणा

गालाच्या आतले आवळलेले पट्टे कापून तोंड मोकळं करायची शस्त्रक्रिया ‘छोटी’ असते, हे वाक्य मी यापुढे ऐकून घेणार नाही. कर्जतजवळच्या दहिवलीत मी दातांचा दवाखाना चालवतो. या शस्त्रक्रियेसाठी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांच्या नावाने मी ज्यांच्या हातात चिठ्ठी देतो, त्यांत निम्मी पोरं विशीतली असतात. मिसरूड फुटायच्या आधी त्यांनी पुडी धरलेली असते. त्यांना घेऊन आलेला बाप, मामा, शेजारी, जो कोणी असेल तो एकच विचारतो, “डॉक्टर, छोटंसंच ऑपरेशन आहे ना?” नाही, छोटं नाही. आणि ते ज्या कारणाने करावं लागतं ते कारण तर मुळीच छोटं नाही. त्या कारणाचं नाव सुपारी. तंबाखूच्या नावाने बोटं मोडत आपण सगळ्यांनी तिला पाठीशी घातलं आहे. सरकारने घातलं, कायद्याने घातलं, आम्ही डॉक्टरांनी घातलं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तर पिढ्यान् पिढ्या घातलं.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते सांगतो, कारण ‘छोटं’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं, एकावर एक धरून, सहज जातात. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं हे अंतर साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर भरतं. ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे गाल आवळून टाकणारा हा आजार, झाला की आधी दोन बोटं जातात, मग एक, मग तेही अडतं. गालाच्या आत बोट फिरवलं तर मऊ, ओलसर अस्तर लागत नाही. ताणून बांधलेल्या सुतळीसारखे उभे पट्टे लागतात. गुलाबी रंग जाऊन आतली बाजू पांढुरकी पडलेली असते. जीभ बाहेर काढ म्हटलं तर ती दातांच्या कडेपाशीच थांबते. पडजीभ आक्रसून लहान झालेली असते. शिट्टी वाजव म्हटलं की पोरगा मान खाली घालतो.

अशा तोंडाला भूल देण्यापासूनच अडचण असते. तोंड उघडत नाही म्हणजे श्वासाची नळी तोंडातून घालता येत नाही. बऱ्याचदा माणूस जागा असतानाच नाकातून, दुर्बिणीच्या आधाराने ती सरकवावी लागते. मग दोन्ही गालांना आतून चीर द्यायची. वरचे-खालचे दात जिथे टेकतात त्या रेषेत, ओठाच्या कोपऱ्यामागून निघून थेट मऊ टाळूच्या जवळपर्यंत. बोटाला लागेल तो प्रत्येक पट्टा तोडायचा. नंतर दातांमध्ये स्क्रूचं उपकरण अडकवून ते फिरवत फिरवत जबडा उघडायचा. तरीही ३५ मिलिमीटर भरले नाहीत, तर अक्कलदाढा काढायच्या आणि खालच्या जबड्याच्या हाडाचं कानशिलाकडे जाणारं टोक दोन्हीकडून छाटायचं. गालात उघडी राहिलेली जखम तशीच सोडली तर ती भरताना पुन्हा आवळते. म्हणून तिच्यावर काहीतरी पांघरावं लागतं. गालातलीच चरबी ओढून आणतात, टाळूची त्वचा फिरवून आणतात, किंवा नाकाच्या बाजूची चेहऱ्याची कातडी आत वळवून शिवतात. हा शेवटचा मार्ग घेतला तर चेहऱ्यावर वण राहतो आणि पुरुषाच्या तोंडात, गालाच्या आतल्या बाजूला, केस उगवू शकतात. मुंबईच्या खन्ना आणि अँड्राडे या शल्यविशारदांनी अशा १०० रुग्णांचा अहवाल १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. आज जगभर या आजारावर लिहिताना त्यांनी केलेल्या प्रतवारीचा आधार घेतला जातो. आपल्याच पोरांच्या बंद तोंडांवरून मुंबईने जगाला या शस्त्रक्रियेचे धडे दिले आहेत.

ऑपरेशन संपलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. टाके ओले असतानाच व्यायाम सुरू करावा लागतो. दोन दातांच्या मधे आइस्क्रीमच्या काड्या सरकवायच्या, रोज एखादी काडी वाढवायची, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. दिवसातून अनेकदा, किमान सहा महिने. कंटाळा केला तर पट्टे पुन्हा धरतात, आणि सुपारी पुन्हा चालू केली तर धरतातच. एवढं करून जे मिळतं ते बरं झालेलं तोंड नसतं, फक्त उघडणारं तोंड असतं. आतल्या अस्तराला जो धोका जडलेला आहे तो कापून निघत नाही. केरळात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षांच्या काळात पाठपुरावा झाला. त्यात ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. हा निष्कर्ष १९८५ मध्ये छापून आला. दाताच्या प्रत्येक डॉक्टरने तो परीक्षेसाठी पाठ केलेला असतो. रुग्णाला तो किती जण सांगतात?

आता हे सगळं कर्जत तालुक्यातल्या माणसाच्या अंगावर घालून बघा. दहिवलीतून उल्हास नदीवरचा पूल ओलांडायचा, स्टेशन गाठायचं, लोकल पकडायची. सीएसएमटी १०० किलोमीटर. सरकारी दंत महाविद्यालय फोर्टात, नायरचं दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला. ऑपरेशनची वेळ आलेली नसेल तर गालात इंजेक्शनं घेतात, तीही आठवड्याला, काही आठवडे सलग. म्हणजे दर आठवड्याला एक दिवस आणि एक रोज बुडाला. कशेळ्याच्या पुढच्या वाडीवरचा ठाकर गडी, वीटभट्टीवर उचल घेतलेला कातकरी बाप्या, खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेला पोरगा, यांपैकी कोण हे निभावणार? दोन खेपा येतात, मग येत नाहीत. कागदावर त्यांच्या नावापुढे ‘पाठपुराव्यास अनुपस्थित’ असं लिहिलं जातं, आणि दोष पुन्हा त्यांच्याच पदरात पडतो. ही माणसं निष्काळजी नाहीत. त्यांना परवडणार नाही असा उपचार आपण मांडून ठेवला आहे, आणि त्यांना सहज परवडेल असं विष त्यांच्या वाटेवर टांगून ठेवलं आहे.

यांतला जवळजवळ प्रत्येक जण माझ्या खुर्चीत बसून एक वाक्य म्हणतो, आणि ते ऐकलं की माझं रक्त तापतं. “डॉक्टर, मी तंबाखू नाय खात. निस्ती सुपारी.” तो खोटं बोलत नसतो. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. शाळेच्या भिंतीवर तंबाखूचं चित्र होतं, एसटीत तंबाखूची पाटी होती, सिनेमाआधी तंबाखूची जाहिरात होती. सुपारीचं नाव कुठेच नव्हतं. म्हणून त्याने मोठ्या समजूतदारपणे तंबाखू टाळली आणि दिवसभर सुपारी चघळली. गाल आवळले ते त्या सुपारीने.

यात शंका घ्यायला जागा उरलेली नाही. सुपारीतला अरेकोलिन हा घटक गालाच्या अस्तराखालच्या पेशींना जादा कोलॅजन तयार करायला लावतो. सुपारीतली टॅनिन्स ते कोलॅजन मोडू देत नाहीत. सुपारीत तांबं भरपूर असतं, आणि कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट गुंतवणारं जे विकर आहे त्याला ते बळ देतं. म्हणजे धागा जास्त तयार होतो, तुटत नाही आणि आणखी घट्ट विणला जातो. एकाच फळात हे तिन्ही गुण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू न मिसळलेल्या सुपारीला, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. त्याच गटात तंबाखू आहे आणि ॲस्बेस्टॉसही आहे.

आपल्याला तर हे जगाच्या आधी कळायला हवं होतं. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या दंतवैद्याने केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हा आजार पहिल्यांदा नोंदवला. पुढच्याच वर्षी आपल्याकडच्या डॉ. जोशींनी त्याला आजचं नाव दिलं. १९६६ मध्ये परळच्या कर्करोग संशोधकांतल्या सत्यवती सिरसाट यांनी डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्याबरोबर त्यावर लिहिलेला निबंध आजही पायाभूत मानला जातो. १९७२ मध्ये फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासून अहवाल छापला. एक लाख माणसांची तोंडं, तीही खेड्यांत जाऊन, त्या काळात. संशोधकांनी त्यांचं काम चोख केलं. पुढे कोणी काय केलं, असं मी विचारतो आहे.

कायद्याने काय केलं ते बघा. १ ऑगस्ट २००२ पासून महाराष्ट्रात पाच वर्षांसाठी गुटखाबंदी आली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण ज्या अधिकाऱ्याच्या सहीने ती काढली होती त्याला तसा अधिकारच नव्हता. मग २०१२ च्या जुलैत नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. पुढे तिच्यात सुगंधी तंबाखू आली, सुगंधी सुपारी आली, मावा-खर्रा आला. अधिसूचना एका वर्षाची असते, म्हणून दरवर्षी ती नव्याने काढली जाते. दरवर्षी कागद निघतो आणि दरवर्षी पुड्या मिळतात. ज्याला संशय असेल त्याने संध्याकाळच्या कर्जत लोकलमधून उतरून स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर पायाखाली बघावं. फाटलेल्या पुड्यांचा चकचकीत कचरा तिथे रोज नवा पडतो. बंदी असलेला माल परराज्यातून ट्रकने येतो, नाक्यांवरून येतो, पोलिसांच्या आणि अन्न व औषध प्रशासनाच्या डोळ्यांसमोरून येतो. तो कसा येतो हे मला विचारू नका. ज्यांना त्याचा पगार मिळतो त्यांना विचारा. बंदी आली तेव्हा राज्याचे गृहमंत्री असलेले आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले. एवढं मोठं माणूस डोळ्यांदेखत गेलं, तरी टपरीवरची पुड्यांची माळ हलली नाही.

पण बंदी उद्या काटेकोर पाळली गेली तरी माझी तक्रार संपत नाही, कारण बंदी सुगंधी सुपारीवर आहे, साध्या सुपारीवर नाही. मुलाला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. त्याच शाळेच्या दारात, त्याच मुलाच्या हातात साधी कातरलेली सुपारी ठेवली तर कोणतंच कलम लागत नाही. कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटातला पदार्थ सहावीतल्या पोराला विकायला या राज्यात मोकळीक आहे. आमदारांनी, खासदारांनी याचं उत्तर द्यावं. ही पळवाट राहू दिली ती त्यांनीच.

आता घराकडे वळतो, कारण सगळं सरकारवर ढकलून मोकळं होणं मला मान्य नाही. लग्नाच्या पंगतीनंतर तबकात गोड, रंगीत सुपारी फिरते आणि आजोबा नातवाच्या तळहातावर चिमूटभर ठेवतात. मूल चघळतं, सगळे कौतुकाने बघतात. तोंडाची ती पहिली सवय. पूजेत सुपारी मांडायला माझी काडीची हरकत नाही. गणपती म्हणून तिच्यावर अक्षता वाहा, ती फोडून पोराच्या तोंडात घालू नका. जेवल्यावर अडकित्ता काढणाऱ्या आज्यांना आणि काकांना मी तोंडावर सांगतो, आणि त्यांना राग येतो. “आमची सगळी हयात गेली, काय झालं?” असं म्हणतात. झालं आहे, आजी. तिखट झोंबतं म्हणून तुम्ही लसणीची चटणी सोडली आणि वयाला दोष दिला. शरद पवारांची २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. आपल्याला सुपारीची सवय होती आणि वेळेवर कोणी सावध केलं असतं तर बरं झालं असतं, हे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. राज्याच्या राजकारणातल्या सर्वांत जाणत्या माणसाला जे वेळेवर कोणी सांगितलं नाही, ते वाडीवरच्या पोराला कोण सांगणार होतं?

दवाखान्यात मला आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मला छळते. आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आई येते. वरच्या दोन दातांत फट आहे, ओठाच्या आतली पट्टी कापून टाका म्हणते, कुणीतरी लेझरने लगेच होतं असं सांगितलेलं असतं. मी तिला समजावतो की सुळे येईपर्यंत, म्हणजे अकरा-बारा वर्षांपर्यंत, ही फट बऱ्याच मुलांत असते आणि बहुतेकदा आपोआप मिटते. आज कापायची गरज नाही. ती नाराज होते. त्याच वेळी तिचा थोरला मुलगा बाकावर बसून तोंड हलवत असतो. त्याला बोलावून तोंड उघडायला लावलं तर दोन बोटंच जातात. आई म्हणते, तो काही दुखतं म्हणत नाही. नाही म्हणणार, या आजारात सुरुवातीला दुखत नाही. मुलीची फट सगळ्या नात्यागोत्याला दिसते, पोराचे आवळणारे गाल कोणालाच दिसत नाहीत.

आणि आमचे व्यवसायबंधू. तोंड किती मिलिमीटर उघडतं हे न मोजता गालात इंजेक्शनांवर इंजेक्शनं मारणारे मला माहीत आहेत. पट्टे कापून टाके काढल्यावर काड्यांचा व्यायाम धड न शिकवता घरी पाठवणारे माहीत आहेत. ज्याची सवय सुटलेली नाही त्याच्या गालावर सुरी चालवणं हा माझ्या मते गैरव्यवहार आहे, आणि हे मी कोणत्याही परिषदेत उभा राहून म्हणेन. दर फेरीला मोजपट्टी लावा, आकडा लिहा, रुग्णाला दाखवा. स्वतःचा आकडा डोळ्यांसमोर घसरताना बघितला की पोरं पुडी सोडतात. हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे. सुपारी सुटायला भाषणापेक्षा हा आकडा जास्त उपयोगी पडतो.

आरोग्य खात्याने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यभर तोंड तपासणीची मोहीम घेतली, तिशीपुढच्या लोकांसाठी. मोहीम चांगली होती, वय चुकलं. हा आजार तिशीची वाट बघत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळांत जातंच, मुलांचे दात किडलेत का बघतंच. त्याच वेळी तीन बोटं जातात का हे बघायला त्यांना कोणी अडवलं आहे?

शेवटी श्रीवर्धन-मुरूडच्या बागायतदारांचा मुद्दा माझ्यासमोर ठेवला जातो. आपल्याच जिल्ह्यातली सुपारी, श्रीवर्धनी रोठा या जातीचं नाव, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आडव्या झालेल्या बागा. त्या माणसांचं दुःख खरं आहे आणि त्यांच्या पोटावर पाय द्यावा असं मी म्हणत नाही. पण श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र चालवणाऱ्या शासनाने नव्या बागेत दुसरं काय लावता येईल हे त्याच केंद्राकडून शोधून घ्यावं. सुपारीची झाडं काढून दुसरं पीक घेणाऱ्या शेतकऱ्याला तैवानचं सरकार पैसे देतं. वादळानंतर नवी रोपं लावायची वेळ आली होती, तीच ही गोष्ट करायची वेळ होती, आणि ती आपण घालवली. पुढचं वादळ येईपर्यंत थांबू नका.

आणि कर्जत-खालापुरातल्या मुख्याध्यापकांना माझं सरळ सांगणं आहे. सहावीपासूनच्या प्रत्येक मुलामुलीला वर्षातून दोनदा वर्गात उभं करा, स्वतःची तीन बोटं तोंडात घालायला सांगा, ज्याची जात नाहीत त्याचं नाव लिहा. याला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही. कसं करायचं ते शिक्षकांना दाखवायला मी नेरळपासून खोपोलीपर्यंत कोणत्याही शाळेत, आश्रमशाळेत, स्वखर्चाने येईन. यादीतल्या मुलांना दहिवलीला पाठवा. त्यांच्या तपासणीचे पैसे मी घेणार नाही.